जर्मनीत एकटे राहायला आलात? आधी फोडणीचं बघा

दर ऑक्टोबरला नवीन पोरं-पोरी येतात आणि पहिला महिना ब्रेड-चीज, डोनर कबाब आणि आईने बांधून दिलेला चिवडा यावर काढतात. विचारलं की उत्तर ठरलेलं, "एकट्यासाठी कुठे रांधत बसायचं." अरे बाबांनो, एकट्यासाठीच तर रांधायचं, कुणाची आवडनिवड बघायची नाही, तिखट हवं तेवढं!

पहिलं म्हणजे शेगडी. बऱ्याच घरांत काचेची इलेक्ट्रिक असते, ती तापायला वेळ लावते आणि बंद केली तरी बराच वेळ गरम राहते, म्हणजे आपण बटण बंद करून कांदा शोधायला वळलो की इकडे मोहरी काळी ठिक्कर. मोहरी तडतडली की कढई सरळ उचलून बाजूला ठेवायची, हिंग-हळद खाली उतरवल्यावर. खिडकी उघडी आणि किचनचं दार बंद, नाहीतर पॅसेजमधला स्मोक अलार्म बोंबलतो. आणि हो, इंडक्शन असेल तर भारतातून आणलेला अॅल्युमिनियमचा कुकर नुसता शोभेला राहील, इंडक्शनवर चालणारा स्टीलचा आणा.

फुलके विसरा, आच नाही. पण आपली घडीची पोळी तव्यावरच टम्म फुगते, तिला आच लागतेच कुठे! आट्याची दहा किलोची गोणी ट्राममधून ओढायची नसेल तर सुपरमार्केटमधलं १०५० नंबरचं, म्हणजे थोडा कोंडा असलेलं गव्हाचं पीठ घ्या, पोळ्या बऱ्यापैकी जमतात. कोथिंबीर, मिरच्या, मसूर डाळ टर्किश दुकानात, जुडीही चांगली भरघोस मिळते. सगळं शनिवारीच आणून ठेवा कारण रविवारी दुकानं बंद, फार तर मोठ्या स्टेशनवरची उघडी. सुरवातीला चिडचिड होते पण मला आता तो रविवार फार आवडतो, कुठे जायचं नाही, मागवायचं नाही, दुपारी वरणभात-तूप आणि मग ताणून द्यायची. श्रीखंड करायचं तर डब्यावर चाळीस टक्के फॅट लिहिलेला क्वार्क (घट्ट दह्यासारखं मऊ ताजं चीज) अर्धा तास फडक्यात टांगा, चक्का तयार. मिक्सर मात्र रात्री दहानंतर नको, शेजाऱ्यांची चिठ्ठी येते दारावर.

आणि इथली भाजी आपल्या पद्धतीने करून बघा, त्यात खरी मजा आहे. एप्रिलपासून २४ जूनपर्यंत श्पार्गेलचा म्हणजे अॅस्परॅगसचा सीझन असतो, त्यातला हिरवा घ्या, पांढऱ्याला सोलत बसावं लागतं. मोहरीची फोडणी, मिरची, वरून दाण्याचं कूट, पाच मिनिटांत भाजी. त्याच सुमारास रुबार्ब येतो, लाल आंबट दांडे. कैरी नाही म्हणून रडू नका, याचा मेथांबा करा. तेलात मोहरी आणि मेथ्या लालसर होऊ द्या, हिंग, हळद, तिखट, मग तुकडे आणि गूळ. तुकडे लगेच विरघळतात म्हणून जरा मोठेच चिरा आणि पाणी अजिबात घालू नका. पानं आली असतील तर फेकून द्या, विषारी असतात.