मधुमेहाच्या धोक्याची प्रश्नावली नीट कशी भरावी

पुढे मधुमेह होण्याचा धोका किती, हे गुणांत सांगणारी ही प्रश्नावली भरायला पाच मिनिटं पुरतात; गुण जास्त तर धोका जास्त. ती खरी भरायची असेल तर तीन गोष्टी जवळ लागतात: शिंप्याची टेप, घरातलं दुसरं एखादं माणूस आणि गावाकडच्या वडीलधाऱ्यांचा फोन नंबर.

दिवाळीनंतर ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, माझ्या धाकट्या दिरांनी ती मोबाइलवर बघून एकट्यानेच भरली आणि ४० गुण आले म्हणून सांगितलं. त्याच आठवड्यात दीर, हे (माझे यजमान) आणि मी, अशा आम्ही तिघांनी बसून पुन्हा भरली, तर ७० आले. प्रश्न तेच होते, उत्तरं मात्र या वेळी मोजून आणि विचारून लिहिली होती. हा तीस गुणांचा फरक कुठून आला, ते सांगितलं की प्रश्नावली कशी भरायची हे आपोआप कळेल.

आधी योग्य प्रश्नावली निवडा. शोधायला गेलं की फिनलंडची प्रश्नावली बऱ्याचदा समोर येते. ती २००३ साली आली, तिच्यात आठ प्रश्न आहेत आणि ती चांगलीच आहे, पण ती तिकडच्या शरीरयष्टीवर बेतलेली आहे. तिच्यात पुरुषाची कंबर ९४ सेंटिमीटरपर्यंत गेली तरी एकही गुण लागत नाही. आपल्याकडे धोका ९० पासूनच धरतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली आपला आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला होता. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या आपल्या माणसांच्या पोटात चरबी कशी दडून बसते, ते त्या फोटोतून लगेच समजतं.

म्हणून आपण ‘इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर’ वापरायचा. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनच्या डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी तो २००५ साली तयार केला. चार प्रश्न, एकूण १०० गुण. सरकारी आरोग्य योजनेतल्या आशाताई घरी येऊन तिशीपुढच्या माणसांचा जो सरकारी फॉर्म भरून घेतात, तो वेगळा. त्यात तंबाखू आणि दारूचेही प्रश्न असतात आणि चारच्या वर गुण गेले की तपासणीला बोलावतात. तोही जरूर भरून द्या.

काही जणांनी मात्र प्रश्नावलीत वेळ घालवूच नये. खूप तहान लागते, रात्री लघवीला वारंवार उठावं लागतं, काही न करता वजन उतरतंय, जखम लवकर भरत नाही, असं होत असेल तर थेट रक्त तपासा. गरोदरपणात साखर वाढली होती त्या बायकांनीही थेट तपासणीच करावी. बाळंतपणानंतर ती उतरली तरी धोका आयुष्यभर राहतो, आणि या चार प्रश्नांत त्याची कुठेही नोंद होत नाही. गरोदर असताना तर कंबर मोजण्याला अर्थच नाही.

पहिला प्रश्न वयाचा, तिथे चुकायला जागा नाही. ३५ च्या आत शून्य, ३५ ते ४९ ला २०, पन्नाशी गाठली की ३०. आमचे दीर ४७ वर्षांचे, म्हणजे २०.

दुसरा प्रश्न कंबरेचा. माझ्या मते या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा, कारण इथे जवळजवळ प्रत्येक जण पँटचा नंबर सांगतो. “वहिनी, चौतीस आहे माझी, कॉलेजपासून तीच,” असं दीरही म्हणाले. चौतीस इंच म्हणजे साधारण ८६ सेंटिमीटर, म्हणजे शून्य गुण. पण पँट बसते पोटाच्या खाली. पोट पुढे येत जातं, तसा पट्टा खाली सरकत जातो आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो.

मोजायचं असं. जेवणाआधी मोजा, कपड्यावरून नको. सरळ उभं राहा, पावलांत थोडं अंतर ठेवा, हात बाजूला सैल सोडा. कुशीला बोटांनी चाचपून सगळ्यात खालची बरगडी शोधा, मग कमरेच्या हाडाची वरची कड शोधा, आणि या दोन्हींच्या बरोबर मधे पेनाने बारीकशी खूण करा. टेप त्या खुणेवरून फिरवा. ती पाठीमागे खाली घसरते आणि ज्याचं त्याला ते दिसत नाही, म्हणून दुसरं माणूस लागतं. टेप अंगाला टेकलेली हवी, रुतलेली नको. श्वास नेहमीसारखा सोडा आणि सोडून झाल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढू नका. जुनी टेप ताणलेली असू शकते, ती एकदा पट्टीशी ताडून बघा. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून नंतर पट्टीवर मोजली तरी चालते. दोनदा मोजा, आणि दोन आकड्यांत सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

यांनी टेप धरली, मी आकडा वाचला. पहिल्यांदा ९१ आला, पण त्यात भावजींनी श्वास रोखून धरलेला स्पष्ट दिसत होता. “भावजी, श्वास सोडा आणि माझ्याशी बोलत राहा,” म्हटलं. बोलता बोलता पोट सैल झालं आणि टेपवर ९७ आले.

बाईची कंबर ८० च्या आत असेल तर शून्य, ८० ते ८९ ला १०, ९० पासून पुढे २०. पुरुषांसाठी हेच ९० च्या आत, ९० ते ९९ आणि १०० पासून पुढे. भावजींना १० लागले.

तिसरा प्रश्न हालचालीचा. नियमित व्यायाम आणि अंगमेहनतीचं काम ही दोन्ही असतील तर शून्य. दोन्हींपैकी एकच असेल तर २०. बैठं काम आणि व्यायामही नाही तर ३०. वाशीच्या एपीएमसीत पोती वाहणाऱ्या माथाडीचं काम ही अंगमेहनत. लोकलमध्ये ठाण्यापासून सीएसएमटीपर्यंत उभं राहणं दमवतं खरं, पण तो व्यायाम नव्हे. घरापासून स्टेशनपर्यंत गर्दीतून वाट काढत चाललेली दहा मिनिटंही मी व्यायामात धरत नाही. दिरांनी तेवढ्यावर २० लिहिले होते, ते आम्ही ३० केले. घरकामाबद्दल बायका हमखास विचारतात. दिवसभर पाय भरून येतात, थकवा खरा असतो, तरीही ओट्यापाशी उभं राहून केलेल्या कामाला अंगमेहनत म्हणू नये असं मला वाटतं. शंका आली तर जास्तीचे गुण लिहा. त्यात फार तर एक तपासणी जास्त होईल, कमी लिहिले तर ती राहून जाईल.

चौथा प्रश्न आईवडिलांचा. दोघांनाही मधुमेह नसेल तर शून्य, एकाला असेल तर १०, दोघांना असेल तर २०. सासूबाईंची तपासणी दरवर्षी होते, त्यांना नाही. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले, आणि तेव्हा हे दोघे भाऊ शिकायला मुंबईत होते. “बाबांना काही नव्हतं,” हे दोघंही खात्रीने सांगत होते. मी चिपळूणला आत्याबाईंना फोन लावला. “अगं, दादाला शेवटची पाच-सहा वर्षं गोळी होती की. पण जरा साखर होती एवढंच, मधुमेह नव्हता.” फोन स्पीकरवर होता. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले.

त्या पिढीत ‘जरा साखर’, ‘गोड बंद केलंय’, ‘पायाची जखम चिघळली’ असंच बोलायची पद्धत होती. म्हणून ‘मधुमेह होता का’ असं विचारू नका. गोळी कसली होती, चहात साखर का घेत नसत, असं विचारा. भावंडांचे गुण या प्रश्नावलीत नाहीत, पण सख्ख्या भावाबहिणीला मधुमेह असेल तर ते कडेला लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता बेरीज. २० + १० + ३० + १०, म्हणजे ७०. तिसाच्या आत धोका कमी, ३० ते ५० मध्यम, ६० आणि पुढे जास्त. पण याने आजाराचं निदान होत नाही. ज्या अभ्यासातून ही प्रश्नावली तयार झाली, त्यात ६० ची रेघ लावल्यावर निदान न झालेल्या मधुमेहींपैकी ७२.५ टक्के सापडले. म्हणजे चारातला एक जण निसटलाच. मधुमेह नसलेल्यांतले जवळजवळ ४० टक्के लोकही रेघेच्या वर गेले. तेव्हा ७० बघून घाबरू नका आणि ४० बघून निश्चिंतही होऊ नका. साठ आले तर त्याच महिन्यात रक्त तपासून घ्या. मध्यम गुण असतील आणि तिशी उलटली असेल तरी एकदा तपासाच.

उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास फक्त पाणी. ‘अर्धा कप चहा घेतला तर काय होतं’ असं भावजींनीही विचारलं होतं. त्या अर्ध्या कपाने आकडा बदलतो. उपाशीपोटीची साखर १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची अवस्था, १२६ पासून मधुमेह. एचबीए१सी ही रक्ततपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देते. तिच्यात ५.७ ते ६.४ हा उंबरठा आणि ६.५ पासून मधुमेह. रक्त कमी असेल किंवा थॅलेसेमियाचा अंश असेल तर हा आकडा फसवू शकतो, ते डॉक्टरांना आधी सांगा. त्रास काही नसताना आकडा मधुमेहाचा आला तर दुसऱ्या तपासणीने खात्री केल्याशिवाय निदान करत नाहीत.

दिरांचा एचबीए१सी ६.१ आला. मग आम्ही तोच कागद पुन्हा काढला. शंभरातले पन्नास गुण वयाचे आणि आईवडिलांचे, ते कुणाच्या हातात नाहीत. उरलेले पन्नास कंबरेचे आणि हालचालीचे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्याच लोकांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, खाणं आणि चालणं बदलून घेतलेल्या गटात ३९ टक्क्यांना.

आता भावजी संध्याकाळी गाडीतून उतरले की घरी न जाता तलावपाळीला जातात आणि अर्धा तास न थांबता चालतात. तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा कंबर ९४ आली. हालचालीचे १० गुण कमी झाले, कंबरेचे अजून तेवढेच. एकूण ६०. “अजून जास्तच धोका दाखवतोय,” म्हणून ते हिरमुसले. कंबर ९० च्या आत आली की आणखी १० उतरतील, हे मी त्यांना कागदावर लिहून दाखवलं. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय आणि पुढच्या मोजणीची तारीख त्यांनी स्वतःच्या हाताने त्यावर घातली आहे.