कारखान्यांची यादी म्हणजे तयारी नव्हे: संकटकाळच्या उत्पादनाचा कायदा लिहिताना या चुका टाळा

युद्ध पेटलं किंवा महासाथ आली की देशातले कारखाने कामाला कसे जुंपायचे, याचे कायदे आणि आराखडे तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. मसुदे वेगवेगळ्या हातचे असतात, चुका मात्र त्याच त्या. नवा माणूस आला की पहिल्याच आठवड्यात एक कलम लिहितो: ‘सरकारला कोणत्याही कारखान्यास उत्पादनाचा आदेश देता येईल.’ आणि निम्मं काम उरकल्यासारखा चहाला जातो.

आदेशाचा अधिकार हा सगळ्यात सोपा भाग आहे. अमेरिकेकडे तो डिफेन्स प्रॉडक्शन अ‍ॅक्टमुळे १९५० पासून आहे. तरी २०२० मध्ये तिथे मास्क कमी पडलेच. अडलं होतं ते शिलाईपाशी नव्हे, तर मास्कच्या मधल्या गाळणीच्या थराशी. ते मेल्टब्लोन कापड काढणारी यंत्रं मोजकी होती आणि नवं यंत्र उभं राहायला महिने लागतात. कलमातून कापड निघत नाही.

यादीवर विसंबणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावरच जास्त बोलणार आहे.

एका सरावात चार खाती आपापले आराखडे घेऊन आली होती. कोणाला पंप हवे होते, कोणाला जनरेटर, कोणाला अवजड वाहनं. चारही फायली जाडजूड, प्रत्येकीत कारखान्यांची यादी आणि पुढे रकाना: ‘संकटकाळात वाढवता येणारी क्षमता’. बहुतेक ठिकाणी ‘दुप्पट’. मी म्हटलं, तुमच्या पुरवठादाराला सुटे भाग कोण देतो आणि त्याला ओतकाम कोण करून देतं, तेवढं उद्या सकाळपर्यंत लिहून आणा. सकाळी तिघांच्या कागदावर एकाच फौंड्रीचं नाव. चौथ्याला शोधता आलं नव्हतं. दुपारी कळलं की त्याचंही ओतकाम तिथूनच येतं.

मग त्या मालकाला स्पीकरवर फोन लावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुम्ही चौघं एकाच इमारतीत बसता ना?” भट्ट्या दोन, त्यातली एक दुरुस्तीला. साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने (पॅटर्न) करणारा कारागीर चौसष्ट वर्षांचा, त्याच्या हाताखाली कोणी नाही. मग ‘दुप्पट’ कुठून आलं? तीन वर्षांपूर्वी एक फॉर्म आला होता. त्यात ‘गरज पडल्यास उत्पादन दुप्पट करू शकाल का?’ असा प्रश्न होता. “कच्चा माल, माणसं आणि पैसे तुम्ही देणार असाल तर करू की,” असं म्हणून त्याने ‘हो’वर खूण केली होती. फॉर्ममध्ये ‘तर’ लिहायला जागा नव्हती. चार खात्यांनी त्या एका ‘हो’वर चार आराखडे उभे केले होते.

तेव्हापासून माझी सवय अशी: आराखड्यातली एकच वस्तू उचलायची आणि तिच्यामागे फोन करत खाली खाली जायचं. कोणीतरी ‘ते बाहेरून येतं’ किंवा ‘ते काम एकालाच जमतं’ म्हणेपर्यंत थांबायचं नाही. ‘किती वाढवाल?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. विचारायचं, ‘उद्यापासून दुप्पट हवं असेल तर तुमच्याकडे सगळ्यात आधी काय संपेल?’ याचं उत्तर मालक देतो, फोरमन त्याहून खरं देतो. हे काम कंटाळवाणं आहे. त्याऐवजी संगणकावरचा रंगीत नकाशा विकत घेऊ म्हणणारे खूप भेटतात. नकाशात तोच फॉर्म भरलेला असतो.

कायद्यात यासाठी दोन गोष्टी लागतात. कारखानदाराने माहिती द्यावी आणि ती प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाणार नाही याची हमी सरकारने द्यावी, ही एक. दुसरी म्हणजे दरवर्षी ती पडताळायला पैसे. पहिलीशिवाय खरी माहिती येत नाही आणि दुसरीशिवाय ती शिळी होते. अमेरिकेने टीएनटी या स्फोटकाचं देशातलं उत्पादन १९८० च्या दशकातच बंद केलं होतं आणि पुढे पोलंडसारख्या देशांकडून ते आणत राहिली. तोफगोळ्यांची मागणी २०२२ नंतर एकदम चढली तेव्हा ती फट सगळ्यांना दिसली, आणि केंटकीत नवा कारखाना उभारायचं कंत्राट निघालं ते २०२४ मध्ये. फट तशी जवळपास चाळीस वर्षं उघड्यावरच पडून होती.

सगळंच ‘अतितातडीचं’ ठरवणं

प्राधान्यक्रम म्हणजे रांगेत कोण पुढे, एवढंच. त्याने माल वाढत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे घरोघरी माहीत असलेलं कार्यालयात शिरल्यावर लोक विसरतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत आधी ए-१ हा वरचा दर्जा होता. जो तो आपली मागणी ए-१ मध्ये घालू लागला. मग ए-१-ए, ए-१-बी अशा पोटजाती पाडल्या. त्या पुरेनात म्हणून वर एए आणि त्याही वर ट्रिपल ए आला. दर्जाचा कागद हातात असलेले कारखानदार पोलादासाठी ताटकळत होते.

सुटका झाली ती तिथल्या युद्ध उत्पादन मंडळातल्या फर्डिनांड एबरस्टॅट यांच्या योजनेने. ती नोव्हेंबर १९४२ मध्ये जाहीर झाली आणि १९४३ च्या मध्यापर्यंत पूर्ण लागू झाली. पोलाद, तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एवढ्या तीनच वस्तूंचा हिशेब धरायचा. तिमाहीत किती आहे ते मोजायचं, मोठ्या खात्यांना वाटून द्यायचं आणि त्यांनी आपल्या वाट्यातून खाली कंत्राटदारांना द्यायचं. वाट्याबाहेरची मागणी मंजूरच करायची नाही. मला यातला ‘तीनच’ हा आकडा सगळ्यात आवडतो. तीनशे वस्तूंचं वाटप करायला निघालेला मसुदा मी पहिल्या पानावरच परत पाठवतो.

आजही अमेरिकेच्या डिफेन्स प्रॉडक्शन अ‍ॅक्टखाली डीओ आणि त्यावर डीएक्स असे दोनच दर्जे आहेत. तुमच्या मसुद्यात पाच असतील तर तीन खोडा. कोणते, यावर वाद घालत बसू नका.

आकडा आधी, हिशेब नंतर

जानेवारी १९४२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्या वर्षासाठी ६०,००० विमानं आणि ४५,००० रणगाडे असं लक्ष्य जाहीर केलं. देशाला चेतवायला असा आकडा लागतो, ते मान्य. पण लष्कराची मागणी त्या मापाने फुगत गेली आणि सायमन कुझनेट्स, रॉबर्ट नेथन या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला: एवढं सगळं इतक्या वेळात देशाच्या ताकदीबाहेर आहे. लष्कराच्या पुरवठ्याचे प्रमुख जनरल सॉमरवेल इतके चिडले की हे कागद विचारी माणसांच्या नजरेआड ठेवावेत, असं त्यांनी लिहून कळवलं. शेवटी लक्ष्यं खाली आणावीच लागली. वर्षअखेर विमानं झाली सुमारे ४८,०००. तीही थोडी नव्हेत, पण बाजारात तुरी असताना भांडणात महिने गेले.

मसुद्यात हिशेब मांडणारा गट मागणी करणाऱ्या खात्याबाहेर बसवा. त्याचा अहवाल दडपता येणार नाही, असं स्पष्ट शब्दांत लिहा.

झटपट काही

संकट जाहीर झाल्यावरच कायदा लागू होईल, असं लिहू नका. अमेरिकेत फोर्ड कंपनीचा विलो रन इथला बॉम्बर विमानांचा कारखाना बांधायला १९४१ मध्ये सुरुवात झाली आणि तासाला एक बॉम्बर हा वेग गाठायला १९४४ उजाडलं. पैसे शांततेतच खर्च व्हायला हवेत.

प्रतिस्पर्धी कंपन्यांना एका खोलीत बसवणार असाल तर स्पर्धा कायद्यातून सूट आधी लिहा. नाहीतर त्यांचे वकील त्यांना दारातूनच परत नेतात.

बंद कारखाना ‘राखीव’ म्हणून दाखवत असाल तर एकदा आत जाऊन दिवा लावून बघा.

मुदत संपण्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. अमेरिकेचा तोच डिफेन्स प्रॉडक्शन अ‍ॅक्ट ऑक्टोबर १९९० मध्ये, आखाताकडे सैन्य निघालेलं असताना, मुदत संपून लटकला आणि १९९१ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा उभा राहिला. तोवर युद्ध लढून झालं होतं. मधला काळ दुसऱ्या कायद्यांच्या आधाराने निभावला.

आणि माणसं. ब्रिटनमध्ये १९१५ साली तोफगोळ्यांची टंचाई उघडी पडली तेव्हा ते घडवणारे कितीतरी कुशल कामगार भरती होऊन आघाडीवर पोचले होते. त्यांना पलटणींतून शोधून परत आणायची वेळ आली आणि अधिकारी त्यांना सोडायला राजी नव्हते. सैन्यभरतीतून कोणाला वगळायचं, याचं कलम उत्पादनाच्या कायद्यातच असावं, हा माझा जुना हट्ट आहे.

त्या फौंड्रीत नंतर दोन शिकाऊ मुलं पाठवली, एका लहानशा प्रशिक्षण निधीतून. एक महिन्याभरात पळाला. दुसरा अजून आहे, आणि आता भट्टी दुरुस्तीला जाणार असेल तर तोच फोन करून सांगतो.