न्यूक्लियस बाहेर काढून चिपमध्ये त्याची इलेक्ट्रिकल मोजणी कशी करायची

चिप (बारीक चॅनेलची) आणि लॉक-इन ॲम्प्लिफायर (ठरावीक फ्रिक्वेन्सीचा बारीक सिग्नल वेगळा मोजणारं यंत्र) जमतं हो, खरी वाट लागते ती पेशीतून न्यूक्लियस (केंद्रक) बाहेर काढताना, म्हणून आधी तेच सांगतो. अख्खी पेशी मोजली तर चालत नाही का? चालतं, पण मग पेशीचं बाहेरचं मेम्ब्रेन (पातळ पडदा), सायटोप्लाझम (आतला द्रव) असं सगळं मध्ये येतं आणि मोजणीवरून आकडे काढायच्या मॉडेलमध्ये इतक्या अनोळखी गोष्टी राहतात की हवा तो आकडा बसवता येतो.

पेशी गार पीबीएसने (फॉस्फेट घातलेलं खारं पाणी) धुवा. लायसिस बफर, म्हणजे पेशी फोडायचं द्रावण: १० मिलिमोलर ट्रिस (पीएच ७.४), १० मिलिमोलर मीठ, ३ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, ०.१ टक्का एनपी-४० (डिटर्जंट). बर्फावर ३ ते ५ मिनिटं, पण घड्याळावर विसंबू नका, दर मिनिटाला थेंबभर घेऊन ट्रिपॅन ब्लू (निळा रंग) टाकून मायक्रोस्कोपखाली बघत राहा, निळे स्वच्छ गोल दिसले की लगेच थांबा. मग सेंट्रिफ्यूजमध्ये ५०० जी, ४ डिग्री, ५ मिनिटं फिरवा, पुन्हा एकदा धुवा, गाळून घ्या. मॅग्नेशियम विसरलात तर न्यूक्लियस फुगून फुटतात, डीएनए बाहेर येतो आणि सगळ्याचा शेंबडासारखा गोळा होतो, तो आत गेला की चिप फेकायची (मी दोन फेकल्यात).

आणि हो, ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट वापरणार असाल तर सावध, ते न्यूक्लियसचं बाहेरचं मेम्ब्रेन काढून टाकतं, मग तुम्ही जी कपॅसिटन्स (मेम्ब्रेनची चार्ज साठवायची क्षमता) काढता ती नक्की कशाची? न्यूक्लियसचं आवरण शाबूत हवं असेल तर डिजिटोनिन हे डिटर्जंट बरं.

चिप नेहमीचीच. एसयू-८ चा (प्रकाशाने घट्ट होणारं रेझिन) साचा, १०:१ पीडीएमएस (सिलिकॉन रबर), वायूचा प्लाझ्मा देऊन काचेवर चिकटवलेली. चॅनेलचा मधला अरुंद भाग न्यूक्लियसपेक्षा थोडा लहान ठेवा, म्हणजे ७-८ मायक्रॉनच्या न्यूक्लियसला साधारण ५ बाय ५ मायक्रॉन, कारण तो दाबून बसला की करंट बाजूने फारसा निसटत नाही. आधी चॅनेलमधून १ टक्का बीएसए (प्रोटीनचं द्रावण) फिरवून घ्या, नाहीतर भिंतीला चिकटतात. सक्शन अगदी हलकं.

मोजताना एकाच वेळी दोन तरी फ्रिक्वेन्सी लावा. काही किलोहर्ट्झवर आवरण करंट अडवतं, पण पेशीच्या मेम्ब्रेनइतकं नाही, कारण त्यात पोअर्स (बारीक भोकं) असतात. काहीशे किलोहर्ट्झच्या पुढे आवरण कपॅसिटरसारखं करंट सोडायला लागतं आणि आतलं दिसतं. रिकाम्या चॅनेलचा स्वीप (सगळ्या फ्रिक्वेन्सींवर मोजणी) आधी घ्या, मग पॉलिस्टायरीन बीड्स (प्लॅस्टिकचे बारीक गोळे). बीड्सचा सिग्नलच एकसारखा येत नसेल तर न्यूक्लियस वाया घालवू नका.

त्या पोअर्समधून लहान आयन आरामात आत-बाहेर करतात, म्हणजे आतली कंडक्टिव्हिटी म्हणून जो आकडा येतो त्यात तुमचा बफरही आलाच. पीबीएसमधला आकडा आणि पातळ बफरमधला आकडा शेजारी ठेवून तुलना करणारे बघितलेत, असं करू नका. दर रनला बफरची कंडक्टिव्हिटी मोजून वहीत लिहा, तापमानही, एका डिग्रीला साधारण २ टक्के फरक पडतो आणि खोलीतला एसी चालू-बंद झाला की तेवढ्यात सगळा ग्राफ सरकतो.