हलका वायरलेस माउस पारखताना

व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारख्या नेमबाजीच्या गेमसाठी माउस घेताय? खोक्यावरचा डीपीआयचा (माउस इंचभर सरकवला की कर्सर किती सरकतो त्याचा) भलामोठा आकडा खुशाल विसरा. बहुतेक व्यावसायिक खेळाडू 400 ते 1600 मध्येच खेळतात. आधी आकार हाताला बसतो का ते बघा. वजन 60 ग्रॅमच्या आसपास असलं की पुरे, त्याखालच्या दोन-चार ग्रॅमसाठी जादा पैसे मोजण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. दोन्ही बाजू अंगठ्याने आणि करंगळीने दाबून बघा. कवच करकरलं किंवा बाजूचं बटण आपोआप दाबलं गेलं, तर तो माउस परत. मग जरासा उचलून हलवा; तेव्हाही कर्सर सरकत असेल, तर कमी सेन्सिटिव्हिटीवर, म्हणजे माउस लांब सरकवून आणि पुन्हा पुन्हा उचलून, खेळणाऱ्याचा नेम दर वेळी ढळणार.

पोलिंग रेट म्हणजे माउस सेकंदाला किती वेळा संगणकाला आपली हालचाल कळवतो; 1000 हर्ट्झ म्हणजे दर मिलिसेकंदाला एक नोंद. 4000 किंवा 8000 वर बॅटरी झपाट्याने उतरते.

आणि डाँगल (माउसचा सिग्नल पकडणारा छोटा यूएसबी रिसीव्हर) कॅबिनेटच्या मागे खोचू नका! तिथल्या यूएसबी 3 पोर्टमुळे 2.4 गिगाहर्ट्झच्या सिग्नलमध्ये अडथळा येऊ शकतो. एक्स्टेंशन केबल लावून तो माउसपॅडपासून वीतभर अंतरावर आणा, मगच माउस अडखळतो की नाही ते ठरवा.