कॅल्क्युलेटरशिवाय लेखी गणित शिकवताना: आधी घरं, मग आकडे

पहिल्या दिवशी पेन्सिल लागणार नाही. शंभरेक काड्या आणि थोडी रबरबँड घ्या. शिकणाऱ्याला दहा-दहाचे गठ्ठे बांधू द्या. मग तुम्ही ‘सत्तावीस’ म्हणा आणि त्याने दोन गठ्ठे, सात सुट्ट्या काड्या काढायच्या.

मराठीत शिकवताना या पायरीला घाई करू नका. ‘सत्तावीस’ ऐकताना सात आधी येतो, लिहिताना दोन आधी, आणि वहीत ७२ उतरतं. एकोणतीस तर आणखी अवघड: कानावर पडतं ‘तीस’ आणि हातात गठ्ठे मात्र दोनच. काड्या काढ, मोज, मग लिही, हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत पुढे जाऊ नका.

आता चौकटीची वही. एका चौकटीत एकच आकडा, वर डोक्यावर श, द, ए लिहायचं, आणि हातच्यासाठी एक ओळ मोकळी ठेवायची. ३८ + ४७ मध्ये ८ आणि ७ मिळून १५ होतात. त्यातल्या दहा काड्यांचा नवा गठ्ठा बांधून दशकाच्या घरात नेऊन ठेवायचा, तोच हातचा. ३, ४ आणि हातचा १ मिळून ८, उत्तर ८५. बेरीज बहुतेकांना लवकर जमते.

खरी अडचण वजाबाकीत येते. ५२ − २७ दिलं की पुष्कळ मुलं ३५ लिहितात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन वजा करून मोकळी होतात. अशा वेळी फक्त फुली मारू नका, पुन्हा काड्यांकडे वळा. समोर पाच गठ्ठे, दोन सुट्ट्या. सात सुट्ट्या द्यायच्यात, मग काय करशील? मूल आपणहून एक गठ्ठा सोडतं. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्ट्या. बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन. उत्तर २५.

इथे ‘शेजारून उसना घे’ असं म्हणायची पद्धत आहे, पण मी ते टाळतो. उसनं घेतलेलं परत द्यावं लागतं, इथे काहीच परत जात नाही. ‘गठ्ठा सोड’ म्हटलं की जे घडतं तेच कानावर पडतं. पुढे ४०३ − १६८ सारखं मध्ये शून्य असलेलं उदाहरण आलं की याचा फार उपयोग होतो. दशकाच्या घरात गठ्ठाच नाही, म्हणून आधी शंभराचा मोठा गठ्ठा सोडून दहाचे दहा करायचे, मग त्यातला एक सोडायचा. उरले ३ शतक, ९ दशक, १३ एकक. उत्तर २३५.

गुणाकाराआधी २ ते १० चे पाढे पाठ हवेत, त्याला पर्याय नाही. पाढा आठवण्यातच शक्ती गेली तर मांडणीकडे लक्ष राहत नाही. ३४ × २६ करताना ३४ × ६ = २०४, आणि दुसऱ्या ओळीत ३४ × २० = ६८०. ‘दोनाने गुण’ म्हणू नका, ‘विसाने गुण’ म्हणा, म्हणजे शून्य सुटत नाही. बेरीज ८८४.

भागाकारातही हाच धोका असतो. ६१८ ला ६ ने भागताना शतकाचा भाग १ आला. दशकाच्या १ मध्ये ६ एकदाही जात नाही, म्हणून तिथे ० लिहायलाच हवं. ते राहिलं की १०३ चे १३ होतात.

उत्तर आलं की ताळा करायचाच. वजाबाकीचा ताळा बेरजेने: २३५ + १६८ = ४०३. भागाकाराचा गुणाकाराने: १०३ × ६ = ६१८, बाकी असेल तर ती त्यात मिळवायची. गुणाकाराला नवाचा ताळा चालतो. आकड्यांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करायची: ३४ चे ७, २६ चे ८; ७ × ८ = ५६, त्याचे ११, त्याचे २. आणि ८८४ चे २०, म्हणजे २. जुळलं.

पण समजा शून्य विसरून २०४ + ६८ = २७२ आलं. त्याचेही ११, म्हणजे २! आकडा चुकीच्या घरात पडला तर नवाच्या ताळ्याला ते कळत नाही. म्हणून गुणाकार सुरू करण्याआधीच अंदाज लिहायला लावा: ३० × ३० = ९००. समासात ९०० दिसत असताना २७२ वर मूल स्वतःच अडखळतं आणि दुसरी ओळ पुन्हा तपासतं.