ढाक्यात निवडणुकीचा तिढा पडला, तर वरुडच्या बागेत काय करायचं

विदर्भातल्या वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या संत्र्याचं देशाबाहेरचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. तिथलं मतदान ५ जानेवारी २०१४, ३० डिसेंबर २०१८ आणि ७ जानेवारी २०२४ ला झालं. आपला आंबियाचा (हिवाळी ताणानंतर फुलणाऱ्या बहाराचा) तोडाही त्याच सुमारास असतो. २०१४ ला मुख्य विरोधी पक्षानं बहिष्कार टाकला, ३०० पैकी १५३ जागा बिनविरोध गेल्या आणि रस्ते-रेल्वे रोखल्या गेल्या. २०१५ च्या जानेवारीत पुन्हा रास्ता रोको.

भाव मतदानाच्या दिवशी नाही, गाड्या अडल्यावर पडतो. सीमेपलीकडच्या बेनापोल नाक्यावर उतरलेला माल ढाक्याकडे हलला नाही की सीमेच्या अलीकडे पेट्रापोलला आपल्या गाड्यांची रांग लागते. आयातदार नवी एलसी (पैशाची बँकेची हमी) उघडत नाही. मग व्यापारी बागेकडे फिरकत नाही. म्हणून निकालाच्या बातम्यांपेक्षा ट्रान्सपोर्टवाल्याला रोज विचारा: पेट्रापोलला गाडी किती दिवस उभी राहते, आणि भाडं किती चढलं?

बाग विकताना, म्हणजे झाडावरचं फळ व्यापाऱ्याला देताना, इसारपावतीवर तोड्याची शेवटची तारीख लिहून घ्याच. ती उलटली की इसार (आगाऊ रक्कम) आपल्याकडे जमा आणि बाग मोकळी, असं स्पष्ट शब्दांत, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. खरा घात इथेच होतो. व्यापारी बाग बांधून ठेवतो, तोडत नाही. पिकलेल्या संत्र्याची साल सुटते, फळ पोचट होऊन गळतं. त्यात पुढच्या आंबियाचा ताण (फुलं यावीत म्हणून झाडाचं पाणी तोडणं) डिसेंबर-जानेवारीत बसायला हवा. झाडावर फळ असताना पाणी तोडलं तर फळ सुकतं, पाणी चालू ठेवलं तर ताण बसत नाही आणि पुढचा बहार विस्कटतो. चार रुपये कमी मिळाले तरी तारखेला बाग रिकामी करणं आम्हाला शहाणपणाचं वाटतं.

शीतगृहात ठेवायचं तर फळ ओढून तोडू नका, कात्रीनं देठाशी कापा. खरचटलेलं फळ क्रेटमध्ये गेलं की शेजारचीही सडतात. तापमान ६ ते ७ अंश. फार खाली गेलं तर सालीवर खड्डे, डाग पडतात. सुमारे दीड महिना माल टिकतो. पण शीतगृहातली जागा तिढा पडण्याआधीच बोलून ठेवा. उरलेला माल दिल्ली आणि दक्षिणेकडच्या बाजारांत वाटून पाठवा.

कापसाला एवढी घाई नाही. बांगलादेशच्या गिरण्या आपली रुई आणि सूत घेतात, त्यामुळे तिथला धक्का सूतगिरणी, मग जिनिंग अशा वाटेनं उशिरा पोचतो. तोवर कापूस कोरडा ठेवा: सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण हमीभाव, १२ पर्यंत कपात, त्यापुढे गाडी परत. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद आधीच तपासून घ्या.