किती दिवसांची वाट? रोलप्लेइंग खेळासाठी काल्पनिक प्रदेशाचा नकाशा

नवखा माणूस काल्पनिक जगाचा नकाशा बहुधा किनाऱ्यापासून काढायला घेतो. कागदभर एक खंड, त्याची कड नागमोडी, मधोमध डोंगरांची रांग, समुद्रात एखादा राक्षसी मासा. दिसतं छान. पहिल्याच सेशनला, म्हणजे खेळाच्या बैठकीला, कुणीतरी विचारतं, "इथून त्या किल्ल्यावर पोचायला किती दिवस?" आणि डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारा) गडबडतो, कारण नकाशाला मापच नसतं. तेव्हा आधी माप, मग प्रदेश, आणि चित्र सगळ्यात शेवटी.

जगही लहान घ्या. पहिल्या पाच-सहा सेशनला खेळाडू फार तर दीडशे किलोमीटरच्या पलीकडे जात नाहीत. ए-फोर कागद उभा धरून त्यावर 1 सेंटिमीटर रुंदीचे (समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर) षट्कोन, म्हणजे हेक्स, छापून घेतले तर साधारण 20 स्तंभ आणि 26 ओळी बसतात. एका हेक्सला 10 किलोमीटर धरलं की प्रदेश सुमारे 170 बाय 260 किलोमीटरचा होतो, आणि तो वर्षभराच्या कॅम्पेनला, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या सलग गोष्टीला, पुरतो. मनात अंदाज यावा म्हणून सांगायचं तर कोकणपट्टी सरासरी 50 किलोमीटर रुंद आहे, म्हणजे या कागदावर फक्त पाच हेक्स. मुंबई ते पुणे रस्त्याने 150 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पंधरा हेक्स.

हेक्सची सवय या खेळाला जन्मापासूनची आहे. 1974 साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा रोलप्लेइंग खेळ निघाला, तेव्हा रानातल्या प्रवासासाठी 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या दुसऱ्याच बोर्डगेमचा हेक्सचा पट वापरावा, असं त्यातच सुचवलं होतं. चौकोनात तिरपं गेलं की अंतर वाढतं आणि वाद होतात; हेक्समधून सहाही दिशांना अंतर सारखंच पडतं. त्याच खेळाच्या पाचव्या आवृत्तीत पायी चालण्याचा मध्यम वेग दिवसाला 24 मैल आहे. 6 मैलांचे हेक्स इतके रुळले त्यामागे हा हिशोबही आहे: दिवसाला बरोबर चार. आपल्याला मैल नको असतील तर 10 किलोमीटर हा जवळपास तोच आकडा.

पण रोज चार हेक्स ही चाल सडाफटिंग माणसाची. सामान, खेचर आणि एखादा जखमी सोबती असेल तर ठोकताळा असा ठेवा: बऱ्या रस्त्यावर दिवसाला 3 हेक्स, माळरानावर 2, दाट जंगलात किंवा डोंगरात 1. घाट चढायचा असेल तर तो हेक्स पूर्ण दिवस खातो. पूल किंवा उतार (पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा) नसलेली नदी ओलांडायला अर्धा दिवस. फौजेचा वेग काढायचा असेल तर वारी आठवा. आळंदी ते पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर, आणि पालखीला मुक्काम धरून अठरा-वीस दिवस लागतात. मोठा जमाव एका दिवसात एखादा हेक्स पुढे सरकतो, दीड म्हणजे डोक्यावरून पाणी. हे आकडे नकाशाच्या कोपऱ्यातच लिहून ठेवा. वहीत लिहिले तर ऐन वेळी वही सापडत नाही.

आता डोंगर आणि पाणी. कागदावर पेन्सिलीने आधी फक्त डोंगराचा कणा ओढा, एक सलग रेघ. दोन बाजूंचं पाणी कुठे वळणार ते त्या रेघेने ठरतं. नद्या त्यानंतर. नवख्यांच्या नकाशात ठरलेल्या तीन चुका असतात. नदी खाली जाताना दोन फाट्यांत दुभंगते. एका तळ्यातून दोन-तीन नद्या निघतात. किंवा नदी एका समुद्राकडून निघून थेट दुसऱ्या समुद्राला मिळते, कालव्यासारखी. पाणी सगळ्यात खोल वाट धरतं आणि ती वाट एकच असते, म्हणून नद्या एकत्र येतात, फुटत नाहीत. उपनदी मुख्य नदीला मिळताना तिचं टोक प्रवाहाच्या दिशेने झुकलेलं असतं; उलटा कोन काढला की वाचणाऱ्याला नदी कुठून कुठे वाहते तेच कळत नाही. अपवाद आहेत. मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशात फाटे फुटतात. दक्षिण अमेरिकेतली कासिकियारे ओरिनोकोचं पाणी ॲमेझॉनच्या खोऱ्यात नेते. लोणारसारख्या सरोवरातून पाणी बाहेर पडतच नाही, म्हणून ते खारट होतं. असा अपवाद नकाशात एखादा असावा, आणि त्याच्याभोवती एखादी गोष्ट असावी. तीन अपवाद असले की ती चूकच दिसते.

नदीने जवळचा समुद्र गाठायलाच हवा असं मात्र नाही. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, अरबी समुद्रापासून 60-65 किलोमीटरवर, आणि पाठ फिरवून 1,400 किलोमीटर लांब बंगालच्या उपसागराला मिळते. जमिनीचा उतार पूर्वेकडे आहे, एवढंच कारण. असा कललेला पठारी प्रदेश खेळाला फार सोयीचा: एका बाजूला आखूड, उताराच्या नद्या आणि खाड्या, दुसऱ्या बाजूला लांबलचक खोरी.

पाऊसही याच कण्यावर अवलंबून. ओला वारा कुठून येतो ते एका बाणाने ठरवा. डोंगराची ती बाजू गर्द, पलीकडची कोरडी. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवरच्या माणदेशात जेमतेम 500. आपल्या कागदावर हे अंतर दहा हेक्स आहे. म्हणजे सदाहरित जंगल आणि दुष्काळी माळ एकाच नकाशात, तीन-चार दिवसांच्या वाटेवर, कुठलीही जादू न वापरता बसतात. वाळवंट हवं म्हणून कुठेही पिवळा रंग फासायची गरज नाही.

वस्तीची जागा ठरवताना एकच विचारायचं: इथे माणूस का थांबला? नदीचा उतार, दोन नद्यांचा संगम, खाडीचं तोंड, घाटाचा पायथा आणि घाटाचा माथा, या पाच जागा आधी भरून टाका. सातवाहनांच्या काळचा नाणेघाट याचा उत्तम नमुना. खाली सोपारा आणि कल्याण ही बंदरं, वर जुन्नरची पेठ, मधे ही एक वाट. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण, आणि परिसरात जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी असे पहारेकरी किल्ले. बंदर, घाट, पेठ, किल्ला: एवढ्या साखळीवर तीन महिन्यांचं कॅम्पेन उभं राहतं. मात्र घाट एकच ठेवू नका. एक वाट बैलांची, जकात आणि चौकीवाली. दुसरी शिडीची, जिथून माणूस चढतो पण खेचर नाही. तिसरी पावसाळ्यात बंद. अशा तीन वाटा असल्या की खेळाडू नकाशावर वाकून भांडायला लागतात, आणि त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

गावांची संख्या फसवते. 10 किलोमीटरच्या हेक्सचं क्षेत्रफळ सुमारे 87 चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ 3,07,713 चौरस किलोमीटर आणि गावं चाळीस हजारांवर, म्हणजे एका गावाच्या वाट्याला सात-साडेसात चौरस किलोमीटर. या हिशोबाने लागवडीखालच्या एका हेक्समध्ये दहा-बारा गावं सहज निघतील. ती सगळी काढायची नाहीत. नकाशावर फक्त आठवडी बाजाराचं गाव दाखवा, साधारण दोन-तीन हेक्सला एक, आणि बाकीची आहेत असं धरून चाला. ओसाड हेक्स उलट मुद्दाम ठरवा आणि ओसाड का, तेही लिहून ठेवा.

नावं देताना जीभ वळणार नाही अशी अक्षरं जोडू नका. डोंगरातल्या वस्तीला वाडी, जुन्या बाजाराच्या गावाला कसबा, जुळ्या गावांना खुर्द आणि बुद्रुक असे प्रत्यय लावले की खेळाडूला न सांगता बरंच कळतं. दोन महत्त्वाच्या जागांची नावं एकाच अक्षराने सुरू करू नका. तिसऱ्या सेशनला हमखास घोळ होतो.

शाईचा क्रम हा: किनारा, नद्या, मग नावांच्या जागा पेन्सिलीने राखून ठेवणं, आणि त्यानंतरच डोंगर आणि झाडं. जंगल आधी भरलं की नाव लिहायला जागा उरत नाही, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. डोंगर कागदाच्या खालच्या बाजूने वर काढत जा, म्हणजे पुढचा डोंगर पूर्ण येतो आणि मागचा आपोआप त्याच्याआड जातो. प्रकाश डावीकडून वरून धरा आणि सावलीच्या रेघा सगळ्या डोंगरांना उजवीकडेच मारा. मायक्रॉनचं 01 नंबरचं पेन (0.25 मिलिमीटर) नदीच्या उगमाला आणि सावलीला, 03 (0.35) डोंगरांना, 05 (0.45) किनाऱ्याला, तीन पेनं पुरतात. कागद 200 जीएसएमच्या (जाडीचं माप) वरचा. जुनाट रंग यावा म्हणून चहाचं पाणी लावायचं असेल तर ते साखर-दुधाविना, शाई जलरोधक आहे याची आधी तुकड्यावर खात्री करून, आणि स्कॅन केल्यानंतर. गोड चहाच्या कागदाला मुंग्या लागतात, हा विनोद नाही. स्कॅन 600 डीपीआयला (एका इंचात 600 ठिपके) करा.

संगणकावर करणाऱ्यांसाठी ब्राउझरमधलं इंकार्नेट शिकायला सोपं. वंडरड्राफ्ट एकदाच विकत घ्यावं लागतं. अझगारचा फँटसी मॅप जनरेटर मोफत आहे, पण तो अख्खं जग तयार करून देतो आणि मग त्यातलं काय खोडायचं हेच काम होऊन बसतं. तयार शिक्के (झाडं-डोंगरांची आयती चित्रं) वापरताना एकच झाड शंभर वेळा तसंच दिसू देऊ नका. तीन-चार नमुने मिसळा आणि आकार दहा-वीस टक्क्यांनी कमी-जास्त करा.

मराठीत नावं लिहिणाऱ्यांची खरी परीक्षा इथे आहे. नकाशाच्या काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी फुटते: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षर सुटून हलन्त दिसतो. काम सुरू करण्याआधी 'किल्ला', 'श्रीवर्धन' आणि 'दुर्ग' हे तीन शब्द टाइप करून पाहा. एकही बिघडला तर नकाशा नावांविना एक्सपोर्ट करा आणि नावं इंकस्केप या चित्रं काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाका. तिथे अक्षरं नीट जुळतात. इंग्रजी नकाशांत प्रदेशाचं नाव अक्षरं लांब लांब ठेवून पसरवतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. त्याऐवजी अक्षर मोठं, रंग फिका आणि रेघ हलकी वाकलेली ठेवा. फार वाकवलं तरी शिरोरेषेला कोपरे पडतात. तिरो देवनागरी मराठी हा फाँट मोफत आहे आणि त्यात 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात. नद्यांसाठी एक फाँट, गावांसाठी दुसरा. तिसऱ्याची गरज नसते.

प्रदेशाच्या नकाशाशिवाय लढाईच्या एकेका जागेचा नकाशाही लागतो. ऑनलाइन टेबलासाठी तो चौकोनी घरांचा असतो, एक घर 5 फुटांचं. ऑनलाइन खेळायच्या सॉफ्टवेअरपैकी रोल ट्वेंटीमध्ये एका घराला मुळात 70 पिक्सेल असतात, फाउंड्रीमध्ये 100. चित्रात स्वतःची जाळी काढू नका, नाहीतर दोन जाळ्या एकमेकींवर सरकलेल्या दिसतात. प्रत्यक्ष टेबलासाठी एक घर एक इंचाचं. 24 बाय 36 घरांचा नकाशा म्हणजे 2 बाय 3 फूट. हा फ्लेक्सच्या दुकानात सहा चौरस फुटांच्या हिशोबाने छापून मिळतो, आणि त्याला 100 डीपीआय पुरे. चकचकीत फ्लेक्सवर दिवा चमकतो, मॅट मागा. दुकानदार 'पानात बसवून' छापतो आणि इंच इंच राहत नाही, म्हणून फाइलच्या कडेला 10 सेंटिमीटरची रेघ ठेवा आणि दुकानातच पट्टी लावून बघा.

दुसऱ्यांसाठी पैसे घेऊन काढणार असाल तर पेन्सिल उचलण्याआधी लेखी ठरवा: अंतिम आकार, जाळी, नावांसह आणि नावांविना अशा दोन्ही फाइली, किती वेळा दुरुस्ती, आणि छापील पुस्तकात वापरायचा हक्क. वापरलेल्या शिक्क्यांना आणि फाँटना व्यावसायिक वापराची परवानगी आहे का तेही बघा. मोफत आणि सशुल्क खात्यांच्या अटी एकच नसतात. दुरुस्त्या पेन्सिलीच्या टप्प्यावरच मंजूर करून घ्या. शाई भरल्यावर नदी हलवायची तर नदीकाठची गावं, रस्ते आणि नावं सगळीच हलतात.

शेवटी दोन प्रती करा. डीएमच्या प्रतीत हेक्सचे आकडे, लपलेल्या वाटा, पावसाळ्यात बंद पडणारे घाट. खेळाडूंच्या प्रतीत एखाद्या व्यापाऱ्याला किंवा गुराख्याला माहीत असेल तेवढंच, आणि त्यातलं एखादं अंतर चुकलेलं असलं तरी चालेल. ती प्रत आधी खेळात नसलेल्या माणसापुढे ठेवा आणि बंदरापासून पेठेपर्यंत सामानासह जायला सांगा. त्याने न विचारता वाट निवडली आणि दिवस मोजले, तर रंग भरायला घ्या.